आवाजाला तीन शब्द

प्रिय टकळे,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तू वेळेवर जेवतेस, वेळेवर झोपतेस असं लिहितेस. त्यातलं अर्धं मी जमेला धरते आणि अर्धं सोडून देते. हे पत्र कागदाच्या दोन्ही बाजूंना आहे आणि शेवटी समासातही शिरणार आहे, तेव्हा वाचताना कागद फिरवावा लागेल. बाबा म्हणाले, अगं, एक कागद जास्त घे की. पण जागा कोरी सोडायची आणि नवा कागद घ्यायचा, हे माझ्या हातून होत नाही.

प्रशिक्षणाला निघताना तू दारात मला जे सांगितलंस ते माझ्या डोक्यातून एक दिवसही गेलेलं नाही. कवळ्यांच्या कारखान्यातली भट्टी दुरुस्त करायला गेलीस आणि तिथला दात घडवणारा कारागीर पसंत करून आलीस, इथपर्यंत मी कसंबसं पचवलं होतं. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही हे मात्र घशाखाली उतरेना. तू म्हणालीस, आई, दर रविवारी त्याला जेवायला बोलाव, मी नसताना त्याला ओळख. तुम्ही दोघांनी मनापासून हो म्हटलंत तर लग्न. नाही म्हटलंत तर मी भांडेन, पण पळून जाणार नाही. एवढं बोलून तू रिक्षात बसलीस आणि हे सगळं माझ्या ओटीत टाकून गेलीस.

बाबांचं उत्तर तर तू ऐकलंच होतंस. जन्मभर बस आगारात घोषणा केलेला माणूस. म्हणाले, ज्याच्या कानात माझा एक शब्द शिरणार नाही त्याच्याशी मी काय भिंतीशी बोलल्यासारखं बोलू? मी म्हटलं, भिंतीशी बोलायची मला इतक्या वर्षांची सवय आहे, शिकवीन तुम्हाला. त्यावर ते रेडिओ घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. पण खरं सांगते, नाही म्हणायला माझ्याकडेही कारण होतंच. मला वाटायचं, माझ्या पोरीला जन्मभर दोघांच्या वाट्याचं ऐकावं लागेल. दार वाजलं, ही उठणार. फोन वाजला, ही धावणार. नातेवाईक काही बोलले की ते ही त्याला समजावून सांगणार, आणि घरातली प्रत्येक बातमी त्याला शिळी होऊन मिळणार. हे मी तुला तेव्हा बोलले नाही, कारण तू लगेच दहा उत्तरं दिली असतीस.

पहिल्या रविवारी तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाचच भांडी पुसत होते. तू सांगितलं होतंस की त्याच्या शाळेत सगळं इंग्रजीतून होतं, त्यामुळे लिहायला-वाचायला त्याला तेवढी एकच भाषा. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, तेही इतक्या वर्षांत कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेलं. कागद किती लागतील या धास्तीने मी तुझी लहानपणची पाटी माळ्यावरून काढून धुऊन ठेवली होती. पाटी बघून तो इतका खूश झाला, की मला वाटलं तिच्यामुळेच आपलं काही तरी जमेल. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोन्हीला यू हा एकच शब्द, हे माझ्यावर देवाचे उपकार. नाहीतर याला अहो म्हणू की अरे, इथेच गाडी अडली असती.

तो लांबून सायकलवर आला होता. मला लिहायचं होतं, की तुम्हाला भूक लागली असेल अशी मला शंका आहे. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, आय डाउट यू आर हंग्री. त्याने वाचलं, ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हळूच ताट थोडं लांब सारलं आणि खाली लिहिलं, की खरंच लागली आहे, पण मी थांबू शकतो. मला कळेना हा असं का लिहितोय. मग त्याने पाटी पुसून दोन तोंडं काढली. एक मान हलवून नाही नाही म्हणणारं, त्याखाली डाउट. दुसरं डोळे बारीक करून हळूच हो म्हणणारं, त्याखाली सस्पेक्ट. म्हणजे आपली शंका दोन्हीकडे चालते, भूक असेल म्हणूनही आणि नसेल म्हणूनही. यांची डाउट फक्त नसेल म्हणून. मी पाहुण्याला दारातच सांगून टाकलं होतं, की तुला भूक आहे यावर माझा विश्वास नाही. मला हसू आवरेना. तो हसतो तेव्हा त्याचे खांदे हलतात, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. बाहेर बाबांनी रेडिओ मोठा केला. आम्हा दोघांतल्या एकालाच त्याचा त्रास झाला.

त्यानंतर दर रविवारी आमची शाळा भरायला लागली. तो सी, लुक आणि वॉच अशी तीन चित्रं काढायचा. सी म्हणजे नुसता उघडा डोळा, वस्तू आपली आपण आत चाललेली. लुक म्हणजे डोळ्यातून बाण निघालेला. वॉच म्हणजे डोळ्याला चक्क खुर्चीवर बसवलेलं. माझी हिशेबी नजर तुला माहीत आहे. मी मनात टिपत गेले, की ही भाषा एकीकडे भारी उधळी आणि दुसरीकडे हाडाची कंजूष. नुसत्या बघण्यावर तीन तीन शब्द खर्च करते, आणि आत्या, मावशी, काकू, मामी अशा चौघींना एका आंटमध्ये कोंबते. मी त्याला चौघींचे वेगवेगळे स्वभाव लिहून दाखवले. तुझी आत्या कशी नाक उडवते तेही करून दाखवलं. त्याने लगेच तिच्यासाठी नाकावर बोट उडवायची खूण ठरवून टाकली. आता तीच तिची खूण. तिला कळू देऊ नकोस.

दुसरं एक सांगायचं राहिलं. जेवणाआधी मी प्रार्थना म्हणते तेव्हा तो डोळे मिटत नाही. पहिल्यांदा मला जरा खटकलं. मग पाहिलं तर त्याचा तळहात टेबलावर सपाट ठेवलेला असतो, आणि माझी प्रार्थना संपली की तो अगदी त्या क्षणाला हात उचलतो. लाकडातून त्याला ती पोचते म्हणे. हे कळल्यापासून मी टेबलाला टेकून म्हणते. देवाला कुठूनही ऐकू जातंच.

आता बाबांच्या दातांकडे येते. तू गेल्यावर त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बसवली, एवढंच मी तुला कळवलं होतं. पुढचं कळवू नकोस असं त्यांनी बजावलं होतं. त्या कवळीने त्यांचा स नेला. सहा म्हणायला गेले की थहा, आणि वर तोंडातून फुस्स. ज्या माणसाने साडेसहाची गाडी सहा नंबरच्या फलाटावरून सुटेल हे वाक्य उभ्या आयुष्यात इतकं घोटलं, त्याच्या तोंडातून ते वाक्य भिजलेल्या फटाक्यासारखं निघायला लागलं. दंतवैद्य म्हणाले, सवयीने होईल. सवय झाली ती गप्प बसायची. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचे, तेही बंद केलं. काका जिन्यातून ओरडायचे, अहो, जगात काय चाललंय ते कुणी सांगेल का मला? आणि बाबा मला खूण करायचे, सांग की झोपलेत. भर संध्याकाळी. पाणी हवं असलं तरी पेला वाजवायचे. घर इतकं शांत झालं होतं, की एरवी मी ज्या बडबडीला कंटाळायचे तिच्यासाठीच देवाकडे मागणं मागू लागले.

एका रविवारी त्याने बाबांचं ताट बाहेरच्या खोलीत जाताना पाहिलं, नुसता मऊ भात आणि उकडलेला बटाटा, आणि भुवया उंचावून विचारलं. मी पाटीवर लिहिलं, की माझ्या नवऱ्याचा आवाज गेला. आता आवाजाला इंग्रजीत काय? मला आठवला तो शब्द मी लिहिला, हिज नॉइज इज गॉन. त्याने दोनदा वाचलं आणि लिहिलं, काँग्रॅच्युलेशन्स. मी चिडून पाटीवर बोट आपटलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की काही तरी दुखरं आहे. त्याने पाटी पुसली, तिचे तीन भाग केले. पहिल्यात मालट्रक काढला आणि आपल्या तळपायाला हात लावून दाखवला. नॉइज तिथे कळतो, रस्त्याकडून येतो, नकोसा असतो. दुसऱ्यात थेंब पडणारी तोटी काढली आणि टेबलावर तळहात ठेवला. तो साउंड, ना बरा ना वाईट, नुसता आहे. तिसऱ्या भागात त्याला बराच वेळ लागला. त्याने एक चेहरा काढला, बोलणारा, भुवया वर गेलेल्या, एक गाल किंचित वाकडा. तो तुझा होता, टकळे. त्याखाली लिहिलं, व्हॉइस. आणि बारीक अक्षरात, की हा माणसांचाच असतो, म्हणून मी तो चेहऱ्यावर बघतो. आपण एका आवाजात तिघांचं भागवतो, आणि ज्याला तिन्हीतलं काही ऐकू येत नाही त्याने मला ते असे वेगळे करून दिले. मी पाटी पुसली नाही. त्या रविवारचं बाकीचं बोलणं आम्ही जुन्या पाकिटांच्या पाठीवर केलं.

मग मी खालच्या कोपऱ्यात दुरुस्ती केली, नॉट नॉइज, व्हॉइस. आणि कवळीचं सगळं लिहून टाकलं. तो विचार करत बसला. पुढच्या रविवारी आला तो एक पिशवी घेऊन. जेवणाआधीच पाटीवर दोन ओळी लिहिल्या आणि मला न दाखवता पाटी घेऊन थेट बाहेरच्या खोलीत बाबांपुढे जाऊन उभा राहिला. इतक्या रविवारांत दोघं एकमेकांसमोर धड उभे राहिले नव्हते. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मला हाक मारून म्हणाले, मी वाचतोय तेच लिहिलंय का याने? मी वाचलं. लिहिलं होतं, तुम्ही कितीही वाईट बोललात तरी मला ऐकू येणार नाही. तेव्हा माझ्यासमोर बोलून बघा.

बाबांनी पाटी त्याच्या हातात परत दिली. मग रेडिओ बंद केला. मला म्हणाले, तू आत जा. मी आत गेले आणि दाराच्या फटीशी उभी राहिले. ते लुक होतं की वॉच हे तूच ठरव.

त्याने कवळी मागून घेतली, कोरडी केली, टाळूच्या बाजूला पांढरी पूड भुरभुरवली आणि पुन्हा तोंडात बसवायला सांगितली. मग पाटीवर लिहिलं, की रोजचं काही तरी म्हणा. बाबा खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, थाडेथहाची गाडी थहा नंबरच्या फलाटावरून थुटेल. मी पदर तोंडात कोंबला. हसू नको आणि रडूही नको, म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर मात्र काही नाही. तो एकटक बाबांच्या ओठांकडे, गालांकडे, गळ्याकडे बघत होता. कवळी काढून त्याने आरशाशी धरली. बाबांनी मला हाक मारली, अगं ये, बघ ही गंमत. जीभ जिथे लागते तिथली पूड पुसली जाते. स म्हणताना दोन्ही कडांची पुसली जायला हवी आणि मधे पन्हळीसारखी वाट पांढरीच राहायला हवी, म्हणजे वारा तिथून जातो. बाबांची सगळी पुढची बाजू चाटून स्वच्छ झाली होती. पुढच्या दातांमागे कवळी जाड राहिलेली, जिभेला जागाच नाही. त्याने ते चित्र काढून दाखवलं. बाबा चित्राकडे बघत म्हणाले, म्हणजे दोष माझा नव्हे. हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं, जणू मीच इतके दिवस आरोप करत होते.

तो कवळी घेऊन गेला आणि मधल्याच एका संध्याकाळी कामावरून परस्पर आला. पुन्हा पूड, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा घासणं. साडे नीट निघालं, सहा अडला. आणखी घासली. पूड भुरभुरवली, बाबांनी छाती भरून श्वास घेतला, आणि आगारातला तो खणखणीत आवाज आपल्या खोलीत घुमला: साडेसहाची गाडी सहा नंबरच्या फलाटावरून सुटेल, प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं. काही वेळाने दारावर थाप. शिंपीकाका, गळ्यात टेप, हातात कात्री. म्हणाले, गाडी सुटण्याआधी पेपर वाचणार का? बाबांनी खरंच पेपर घेतला आणि खाली गेले. तो त्यांना पाठमोरं जिना उतरताना बघत राहिला. मग पाटीवर लिहिलं, आवाज कसा होता? मी लिहिलं, लाउड. त्याने ते खोडलं नाही, पण शेजारी लिहिलं, स्ट्राँग? मी मान हलवली. एवढ्याने त्याचं समाधान झालेलं मी स्वतः पाहिलं.

तुला वाटेल दातांच्या मोबदल्यात पोरगी. तसं नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना बाबा आपणहून माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, आगारात मी एका खोक्यात बसायचो. हजारो लोकांनी मला ऐकलं. एकानेही वर बघितलं नाही. बघतील कशाला, गाडी पकडायची असते. हा पोरगा माझ्या तोंडाकडे असा बघत होता की मला वाटलं, मी पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलतोय. मी म्हटलं, आणि आम्ही? ते म्हणाले, तू भाजीकडे बघत असतेस. मी खाली बघितलं तर खरोखरच भाजीकडे बघत होते. त्यानंतर रविवारी ते आत आमच्याबरोबर जेवायला बसतात, आणि त्याच्याकडे तोंड करून मराठीतच बोलतात, ठासून, एकेक शब्द. त्याला कळत नाही एक अक्षर. दोघं मिळून दोन दोन वेळा भात घेतात.

राहिली मी. माझी भीती दातांनी जाणारी नव्हती. ती मी त्याला पाटीवर सरळ लिहिली, इंग्रजी जमेल तशी. की माझ्या मुलीला तुझ्यासाठी जन्मभर ऐकावं लागेल. तो रागावला नाही. त्याने लिहिलं, की मलाही ही भीती वाटते. म्हणून मी तिला सांगितलंय, सगळ्यांनी तुझ्यातून माझ्याशी बोलायचं नाही. जो बोलेल त्याने माझ्याशी बोलावं, मग पाटी लागो की हात. तुम्ही बोललात, असं लिहून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी पाटी बाजूला ठेवली. त्याच्या ताटात भाजी वाढली.

आता समासात आले, कागद फिरव. फोनवर आपण परवाच बोललो आणि मी तुला हवापाणी सांगत बसले, याचं तुला नवल वाटलं असेल. आमचं हो आहे, टकळे, दोघांचंही, मनापासून. फोनवर सांगितलं असतं तर ते तुला आधी कळलं असतं आणि त्याला तुझ्याकडून, नंतर. तसं मला नको होतं. म्हणून आज मी दोन पत्रं लिहिली, एक तुला, एक त्याला. तुझं लांबचं म्हणून ते आधी टाकतोय. त्याचं बाबा अशा बेताने टाकणार आहेत की दोन्ही एकाच दिवशी पोचावीत. गाड्यांच्या वेळा अजून त्यांना पाठ आहेत. त्याच्या पत्राला अख्खी सकाळ गेली. आधी लिहिलं, वुई अलाउ. वाचून वाटलं, फाटकावरचा पहारेकरी बोलतोय. मग वुई अ‍ॅक्सेप्ट; ते सामान उतरवून घेतल्यासारखं झालं. अ‍ॅग्रीमध्ये सौदा ठरल्याचा वास. बाबा म्हणाले, अगं, तुला काय होतंय ते लिही ना. तेव्हा तुझ्या शाळेचा जुना शब्दकोश काढला. त्यात हॅपी होतं, ते माणूस आपला आपण असतो. आणि ग्लॅड होतं, ते कशाने तरी, कुणामुळे तरी होतं. मग एवढंच लिहिलं, की वुई आर ग्लॅड, आणि खाली दोघांनी सह्या केल्या. पत्र मिळालं की त्याला काही कळवायची घाई करू नकोस. त्याच्याही हातात त्या वेळी एक पाकीट असेल.

वाट बघणारी,
तुझीच,
आई